नेट तासातासाला तुटतंय? बटण दाबण्याआधी राउटरचा अपटाइम बघा

तक्रार बहुतेक घरी एकसारखीच असते. हजार-दीड हजाराचा राउटर, गावातल्या केबलवाल्याचं फायबर, मोबाइलवर वायफायचे दांडे पूर्ण, पण खाली लिहिलेलं 'इंटरनेट नाही'. कोणीतरी उठून बोर्डावरचं बटण बंद-चालू करतं, नेट येतं आणि तासाभराने पुन्हा जातं. चार दिवस हे चाललं की घरात ठरून जातं, राउटर खराब आहे, नवा आणा.

बंद-चालू केल्यावर नेट आलं, एवढ्यावरून राउटर खराब ठरत नाही. त्या एका बटणाने एका झटक्यात पाच गोष्टी होतात. चिप थोडी निवते, भरलेली मेमरी रिकामी होते, वायफाय नव्याने चॅनेल निवडतं, इंटरनेटचं लॉगिन परत होतं आणि मोबाइलला आयपी पत्ता पुन्हा मिळतो. दुखणं यातल्या कशाने गेलं ते कळत नाही. वर बहुतेक स्वस्त राउटरमध्ये लॉगही पुसला जातो, म्हणजे पुरावा गेला. मागच्या छिद्रात टाचणी घालून रीसेट मारणं तर त्याहून वाईट, कारण त्यात केबलवाल्याने भरलेलं युजरनेम-पासवर्डही उडतं.

म्हणून नेट गेलं की आधी हात आवरा. मोबाइल वायफायवरच ठेवून ब्राउझरमध्ये राउटरचं पान उघडा. पत्ता राउटरच्या पोटावरच्या स्टिकरवर असतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. 'स्टेटस'च्या पानावर दोन वेळा शोधायच्या. एक सिस्टिम अपटाइम, म्हणजे राउटर चालू होऊन किती वेळ झाला. दुसरी वॅनच्या (बाहेरून येणाऱ्या लाइनच्या) रकान्यातली, म्हणजे इंटरनेटचं लॉगिन किती वेळ टिकलंय.

सिस्टिम अपटाइम पाच-दहा मिनिटांचाच दिसतोय आणि घरात कोणी बटणाला हात लावलेला नाही, तर राउटर आपोआप रीस्टार्ट होतोय. कारण एक तर वीज, नाहीतर उष्णता. अपटाइम तीन दिवसांचा पण वॅनची वेळ शून्य किंवा काही मिनिटं, तर दोष लाइनचा, ओएनटीचा (फायबर ज्या पेटीत येतं तिचा) किंवा लॉगिनचा. दोन्ही वेळा लांबलचक आणि तरी मोबाइलवर काही उघडत नाही, तर भानगड वायफायची किंवा डीएनएसची (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सोयीची). आणि मोबाइलवर हे पानच उघडलं नाही, तर लॅपटॉप वायरने जोडून बघा. वायरने उघडलं तर वायफाय दोषी. वायरनेही नाही आणि दिवे मात्र लागलेले, तर राउटर अडकलाय, म्हणजे पुन्हा उष्णता, अडॅप्टर किंवा मेमरी.

काही मॉडेलवर अपटाइम दिसत नाही. तिथे सिस्टिम लॉग उघडा. या राउटरांच्या घड्याळाला बॅटरी नसते, त्यामुळे चालू होताना तारीख बहुधा १ जानेवारी १९७० पासून सुरू होते आणि नेट आल्यावर दुरुस्त होते. लॉगमध्ये १९७० च्या ओळी दिसल्या की त्याआधी राउटर बंद पडला होता हे नक्की.

राउटर आपोआप रीस्टार्ट होतोय

पहिला संशय अडॅप्टरवर घ्या. राउटरपेक्षा अडॅप्टर आधी मरतो, आणि तो एकदम न मरता हळूहळू मरतो. आतले कॅपॅसिटर उष्णतेने सुकतात. तापमान १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, असा ठोकताळा आहे. सुकलेला कॅपॅसिटर लोड नसताना व्यवस्थित व्होल्टेज दाखवतो. चार मोबाइल एकदम व्हिडिओ बघायला लागले, राउटरने जोर लावला, की व्होल्टेज क्षणभर खाली बसतं आणि सगळे दिवे एकदम विझून परत लागतात.

म्हणून अडॅप्टर काढून नुसत्या पिनवर मल्टिमीटर लावणं निरुपयोगी. सीसीटीव्हीच्या दुकानात एका पिनचे दोन फाटे करणारी छोटी डीसी वायर मिळते. एक फाटा राउटरला लावा, दुसऱ्या मोकळ्या पिनवर मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून धरा. लाल काडी पिनच्या आत, काळी बाहेरच्या कड्याला, आणि दोन्ही काड्या एकमेकींना टेकू द्यायच्या नाहीत. आता दोन-तीन मोबाइलवर व्हिडिओ लावा. १२ व्होल्टचा अडॅप्टर ११.५ च्या वर राहिला तर ठीक. ११ च्या खाली डुबकी मारत असेल तर बदलून टाका. आकडा क्षणात खाली जाऊन वर येत असेल तर मल्टिमीटरला तो पकडता येत नाही, त्यामुळे आकडा चांगला आला तरी खात्रीसाठी एक दिवस दुसरा अडॅप्टर लावून बघा.

नवा घेताना व्होल्ट तंतोतंत तेच हवेत. ९ चा असेल तर ९, १२ चा असेल तर १२. अँपियर मात्र जास्त चालतात, ०.६ अँपियरच्या जागी १ अँपियर लावला तर बिघडत नाही, उलट कमी तापतो. पिनचा व्यास बघून घ्या. बाहेरून ५.५ मिमी असलेल्या पिना आतून २.१ किंवा २.५ अशा दोन मापांच्या येतात. २.५ ची पिन २.१ च्या जॅकमध्ये बसते खरी, पण सैल. पंख्याच्या वाऱ्याने वायर हलली तरी राउटर रीस्टार्ट होतो. कित्येक 'खराब' राउटर एवढ्याचमुळे भंगारात गेले असतील.

लाईटीचा भाग वेगळा. हे अडॅप्टर साधारण १०० ते २४० व्होल्टवर चालतात, त्यामुळे रब्बीत मोटारी सुरू होऊन व्होल्टेज १७० वर आलं, पंखा रेंगाळला, तरी राउटर सहसा पडत नाही. पडतो तो लाईट जाऊन इन्व्हर्टर उचलेपर्यंतच्या फटीत. इन्व्हर्टरला मागे नॉर्मल आणि यूपीएस अशी दोन मोडची सोय असेल तर यूपीएसवर ठेवा, फट लहान होते. मात्र या मोडमध्ये व्होल्टेजची मर्यादा अरुंद असते, साधारण १८० च्या खाली गेलं की इन्व्हर्टर बॅटरीवर जातो. तुमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज कायम १७० असेल तर बॅटरी उगाच रिकामी होईल. तिथे राउटरपुरता डीसी मिनी यूपीएस बरा.

मिनी यूपीएस घेताना हिशोब करा. राउटर ५-६ वॅट आणि ओएनटी ४-५ वॅट, म्हणजे १० वॅट धरा. २६०० एमएएचचे तीन सेल असलेल्या यूपीएसमध्ये साधारण २९ वॅट-तास असतात, घट वजा जाता अडीच तास मिळतात. डब्यावर सहा-आठ तास छापलेलं असतं ते एकट्या बारक्या राउटरचं. दोन उपकरणं चालवायची तर आउटपुट १२ व्होल्ट २ अँपियर हवं. आणि पैसे देण्याआधी केबलवाल्याला एक प्रश्न विचारा: मधे कुठे लाईटीवर चालणारी पेटी आहे का? फायबर थेट ओएलटीपर्यंत, म्हणजे केबलवाल्याकडच्या मुख्य यंत्रापर्यंत असेल तर मधल्या, फाटे फोडणाऱ्या स्प्लिटरला वीज लागत नाही, तुमच्याकडे बॅकअप असला की झालं, अर्थात ओएलटीला बॅकअप असेल तर. पण कोणाच्या गच्चीवर कन्व्हर्टर आणि स्विच ठेवून तिथून तांब्याची वायर फिरवलेली असेल, तर त्या घरची लाईट गेली की तुमचा यूपीएस नुसताच दिवे लावून बसेल.

आता उष्णता. बहुतेक घरगुती राउटर ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे बाहेरच पारा ४२-४३ च्या पुढे जातो. पत्र्याखालच्या खोलीत, पत्र्याला टेकून अडकवलेल्या राउटरभोवती काय असेल ते सांगायला नको. त्यावर धूळ बसू नये म्हणून कोणी प्लॅस्टिकची पिशवी चढवतं, कोणी विणलेला रुमाल. राउटरला धुळीपेक्षा रुमाल जास्त मारतो. नेट दुपारी एक ते पाच तुटतं आणि रात्री बारानंतर शहाण्यासारखं चालतं, तर दुसरं कारण शोधू नका.

जागा बदला. पश्चिमेची तापणारी भिंत नको, सेट-टॉप बॉक्सच्या वर नको, इन्व्हर्टरच्या पेटीवर तर नकोच. छातीएवढ्या उंचीवर, आतल्या भिंतीवर, छिद्रं मोकळी. टेबलावरच ठेवायचा असेल तर चार कोपऱ्यांखाली पाण्याच्या बाटलीची चार झाकणं ठेवा. तेवढी सेंटीमीटरभर फट मिळाली की खालून हवा फिरते आणि हाताला फरक जाणवतो. कूलरच्या झोतात मात्र ठेवू नये. आपल्याकडचं बोअरचं पाणी क्षाराचं, त्या ओल्या हवेत लॅनच्या पिना गंजतात.

राउटर चालू, पण वॅन तुटतंय

आधी ओएनटीचे दिवे बघा. एलओएस (सिग्नल गेल्याचं सांगणारा दिवा) लाल लुकलुकत असेल तर प्रकाश येतच नाही. फायबर कुठेतरी तुटलंय किंवा दुमडलंय. घरातली पिवळी पॅच कॉर्ड बघून घ्या. ती खिळ्याला काटकोनात वाकवलेली, दाराच्या फटीत चिमटलेली किंवा उंदराने कुरतडलेली असते. साधारण तीन सेंटीमीटरपेक्षा लहान वेटोळं नको. बाहेर गच्चीवर वानरांनी लोंबकळून ओढलेली वायर हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार. कनेक्टर हिरवा असेल तर समोरचं सॉकेटही हिरवंच हवं. हिरव्याचं तोंड तिरकं घासलेलं असतं, निळ्यात घातलं तर बसतं पण प्रकाश वाया जातो. फायबरच्या टोकात डोळा लावून बघू नका, त्यातला प्रकाश दिसत नाही पण डोळ्याला इजा करू शकतो.

एलओएस विझलेला आहे आणि तरी दिवसातून पाचदा तुटतंय, तर ओएनटीच्या पानावर ऑप्टिकल किंवा पॉनच्या माहितीत आरएक्स पॉवर, म्हणजे येणाऱ्या प्रकाशाची ताकद बघा. उणे १५ ते उणे २४ डीबीएम असेल तर निरोगी. उणे २७ म्हणजे कड्यावर उभं आहे. सकाळी चालेल, दुपारी वायर तापली की पडेल. असा आकडा दिसला तर त्याचा स्क्रीनशॉट केबलवाल्याला पाठवा. 'नेट चालत नाही' म्हणण्यापेक्षा 'आरएक्स उणे २६.८ आहे' म्हटलं की माणूस फायबर जोडायचं, स्प्लायसिंगचं मशीन घेऊन येतो.

दिवे ठीक, पॉवर ठीक, तरी लॉगिन होत नाही, तर लॉगमधलं वाक्य वाचा. पाडोची (PADO, राउटरच्या पहिल्या हाकेला सर्व्हरने द्यायचं उत्तर) वाट बघून वेळ संपली अशा अर्थाचं असेल तर पलीकडून उत्तरच येत नाही, राउटर निर्दोष. ऑथेंटिकेशन फेल म्हणत असेल तर रिचार्ज संपलाय, पासवर्ड चुकलाय किंवा जुनं सेशन अडकलंय. हे शेवटचं फार फसवं आहे. लाईट अचानक गेली की राउटर लॉगआउट न करता मरतो, आणि सर्व्हरला वाटतं जुनं कनेक्शन अजून जिवंत आहे. ते सुटायला काही मिनिटं लागतात. अशा वेळी दर अर्ध्या मिनिटाला बंद-चालू करण्याने काही साधत नाही. पाच-दहा मिनिटं तसंच राहू द्या.

वॅनच्या पानावर कनेक्शन मोड 'ऑन डिमांड' आहे का तेही बघा. त्यात १५ मिनिटांसारखी मर्यादा असते. तेवढा वेळ कोणी नेट वापरलं नाही की राउटर लाइन सोडून देतो. तो 'ऑटो'वर टाका.

काही साइट पटकन उघडतात, बँकेची किंवा एखादी सरकारी साइट मात्र अर्ध्यावर अडकते, अशी तक्रार असेल तर एमटीयू (एका वेळी जाणाऱ्या माहितीच्या पुडक्याचं कमाल माप) बघा. पीपीपीओईवर, म्हणजे युजरनेम-पासवर्डच्या लॉगिनवर, तो १४९२ च्या वर नको. ओएनटी ते राउटरची छोटी लॅन वायर बदलून बघणंही स्वस्तातलं. तिच्या क्लिपचा दात तुटला की ती सैल राहते, वेग १०० वरून १० वर येतो किंवा वॅनचा दिवा येतो-जातो. आणि २०० एमबीपीएसचा प्लॅन घेऊन ९४ च्या वर वेग जात नसेल, तर तो बिघाड नाही. या राउटरांची बंदरं (वायर खोचायचे पोर्ट) १०० एमबीपीएसचीच असतात.

रोहिणी-मृगाच्या विजांनंतर वॅनचा दिवा कायमचा गेला आणि वायफाय मात्र दिसतंय, तर बंदर जळालंय. तांब्याची वायर खांबावरून येत असेल तिथे हे होतंच. काही मॉडेलमध्ये सेटिंगमधून लॅनचं एखादं बंदर वॅन म्हणून वापरता येतं, फेकण्याआधी ते बघा. आभाळ गडगडायला लागलं की प्लग आणि वॅनची वायर दोन्ही काढा. नुसता प्लग काढून उपयोग नाही.

दोन्ही वेळा लांब, तरी मोबाइल रडतोय

आधी डीएनएस वगळून टाकू. लॅपटॉपवर काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्टमध्ये) पिंग करून ८.८.८.८ ला उत्तर येतं पण साइटच्या नावाला येत नाही, तर डीएनएस. राउटरच्या डीएचसीपीमध्ये (मोबाइलना पत्ते वाटणाऱ्या भागात) १.१.१.१ आणि ८.८.८.८ भरा. तिथे आधीच कुठला तरी अनोळखी पत्ता भरलेला दिसला आणि मोबाइलवर भलत्याच जाहिराती उघडत असतील, तर कोणीतरी राउटरमध्ये घुसलंय. रीसेट वापरायची ही योग्य वेळ. त्यानंतर ॲडमिनचा पासवर्ड बदला, रिमोट मॅनेजमेंट बंद करा, फर्मवेअर अद्ययावत करा.

मग चॅनेल. रात्री आठ ते अकरा तुटतं, सकाळी सुरळीत, तर शेजाऱ्यांचं वायफाय तुमच्यावर चढतंय. अँड्रॉइडवर वायफाय ॲनालायझरचं कोणतंही ॲप लावून बघा. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. सगळ्यात मोकळा निवडा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ४० ठेवलं तर साधारण निम्मा पट्टा एकटा व्यापतो आणि गर्दीत आधी तोच मार खातो. 'ऑटो' चॅनेलवर विसंबू नका. स्वस्तातले बरेच राउटर चॅनेल फक्त चालू होताना निवडतात, नंतर बघत नाहीत. सुरुवातीला म्हटलेल्या बंद-चालूच्या जादूचं अर्धं रहस्य इथे आहे. ड्युअल बँड (२.४ आणि ५ दोन्ही) असेल तर ५ गिगाहर्ट्झला ३६ किंवा १४९ ठेवा. ५२ ते १४४ मध्ये बरेच राउटर आधी मिनिटभर रडारची चाहूल घेतात, तेवढा वेळ ते नाव दिसेनासं होतं. दोन्ही बँडना वेगळी नावं द्या, नाहीतर मोबाइल ओसरीवर गेला की या बँडवरून त्या बँडवर उड्या मारत राहतो. सुरक्षितता डब्ल्यूपीए२ एईएस. जुन्या पद्धतीचं टीकेआयपी ठेवलं तर वेग ५४ वर अडतो, आणि डब्ल्यूपीए३ मिश्र ठेवलं तर जुने मोबाइल आणि प्रिंटर रुसतात.

भिंतींचं मात्र कुठल्याही सेटिंगने भागत नाही. बीड, जालना, परभणीच्या जुन्या गावठाणात माळवदाच्या घराला दोन-अडीच फुटांची दगड-मातीची भिंत असते. ५ गिगाहर्ट्झ तिच्यापलीकडे जात नाही, २.४ एक भिंत कशीबशी ओलांडतं. १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-धाराशिवच्या पुनर्वसित गावांतल्या नव्या घरांत भिंती पातळ, तिथे हा त्रास कमी. पत्र्याचं पार्टिशन, लोखंडी कपाट आणि भरलेली पाण्याची टाकी हे तिन्ही सिग्नलचे शत्रू. ॲपमध्ये उणे ६७ डीबीएमपर्यंत असेल तर व्हिडिओ कॉल चालतो, उणे ७५ ला अडखळतो, उणे ८० नंतर तुटणारच, मग राउटर कितीही महाग घ्या.

अशा घराला प्लगमध्ये खोचायचा रिपीटर सुचवला जातो. तो तेच चॅनेल दोनदा वापरतो, म्हणून वेग निम्मा करतो. आणि जिथे सिग्नल नाही तिथेच लोक तो खोचतात, म्हणजे निम्म्याचाही निम्मा. त्यापेक्षा जुना राउटर माडीवर लावा. त्याचा आयपी १९२.१६८.१.२ करा, डीएचसीपी बंद करा, नाव-पासवर्ड पहिल्याचंच पण चॅनेल वेगळं द्या, आणि कॅट ६ वायरने पहिल्याच्या लॅनमधून याच्या लॅनमध्ये जोडा. वॅनमध्ये नाही. वायर शुद्ध तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त पडते आणि दोन उन्हाळ्यांत कनेक्टरपाशी तुटते.

ओएनटीलाही स्वतःचं वायफाय असेल तर दोघांचा पत्ता १९२.१६८.१.१ असू शकतो, आणि मग ट्रॅफिक मधेच अडकतं. दुसऱ्याचा पत्ता १९२.१६८.५.१ करा किंवा ओएनटी ब्रिज मोडवर करून घ्या, म्हणजे तो लाइन नुसती पुढे देतो. घरी लग्नकार्य असताना 'आयपी मिळवत आहे' वर मोबाइल थांबत असतील, तर डीएचसीपीचा पल्ला १०० ते २४९ करा आणि लीज (पत्ता राखून ठेवायची मुदत) दोन तासांची ठेवा. तरी वीस-पंचवीस मोबाइल आणि चार कॅमेरे हे ३२ एमबी मेमरीच्या राउटरचं काम नाही.

अडॅप्टर बदलला, जागा थंड केली, चॅनेल ठरवला, आणि तरीही अपटाइम तासाभराच्या पुढे जात नाही किंवा लाईट गेली की सेटिंग पुसली जातात, तर मात्र राउटर गेला. नवा घेताना गिगाबिट बंदरं, ड्युअल बँड आणि १२ व्होल्टची पिन बघा, म्हणजे जुना मिनी यूपीएस कामाला येईल. लावल्यावर दिवे नीट पण लॉगिन होत नाही असं झालं तर घाबरू नका. बरेच केबलवाले जुन्या राउटरचा मॅक पत्ता (उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक) बांधून ठेवतात. त्यांना फोन करून नवा मॅक नोंदवायला सांगा, किंवा जुन्याच्या स्टिकरवरचा मॅक नव्याच्या 'मॅक क्लोन'मध्ये भरा. स्टिकरवर एकच मॅक असेल आणि त्याने काम झालं नाही, तर त्याचा शेवटचा अंक एकने वाढवून बघा; बऱ्याच राउटरांत वॅनचा मॅक लॅनच्या पुढचा असतो.